पर्सेस कमी कशा कराव्यात? (४३ आहेत. हसू नका.)

विश्रामबागची

नमस्कार मंडळी. घट बसायच्या आधीची साफसफाई काढलीय. माळा झाला, डबे झाले, आणि परवा पलंगाचा बॉक्स उघडला. आत जास्तीच्या गाद्या आहेत असा घरच्यांचा समज होता. गादी एकच होती. बाकी सगळ्या पर्सेस.

मोजायला लेकीला बसवलं, तिथं चुकलं. तिनं आकडा अख्ख्या घराला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे साड्यासुद्धा एवढ्या नाहीत." (आहेत. मी घड्या घालते, मला माहीत आहे.)

मी शाळेत शिकवते. रोज खांद्याला एकच काळी पर्स, लग्नाकार्याला एक सोनेरी. मग बाकीच्या कशाला? तर काही सेलमधल्या, काही "या साडीवर जाईल" म्हणून घेतलेल्या, बऱ्याचशा बारशा-मुंजीत रिटर्न गिफ्ट म्हणून आलेल्या पोटल्या. तीन तर एकदाही न वापरता सोलवटल्यात. हात लावला की पापुद्रे पडतात. आणि एक तपकिरी, २००४ सालची, पहिल्या पगाराची. तिचं अस्तर फाटलंय, चेन बसत नाही, आणि तिच्यावरून घरात कुणी काही बोललं तर मला राग येतो.

दहा-बारावर यायचंय. कोणती ठेवायची हे ठरवायचं कसं? बाकीच्यांचं काय करायचं? "सरळ टाकून दे" असं कृपया कुणी लिहू नका, ते घरात ऐकून झालंय.

कंदीपेढा

४३ म्हणजे पलंगातल्या फक्त, की दारामागच्या खुंटीवरच्या धरून?

विश्रामबागची

खुंटीवर चार आहेत. म्हणजे ४७. धन्यवाद हं.

भडंग_भक्त

आमच्या घरी हा विषय एकदा मी काढला होता. बायकोनं शांतपणे माझा ड्रॉवर उघडला आणि जुन्या मोबाइलचे चार्जर जमिनीवर ओळीनं मांडले. एकवीस. त्यातले चार तर कशाचे तेही सांगता येईना. तेव्हापासून मी पर्स या विषयावर बोलत नाही. हा प्रतिसादसुद्धा लपून लिहितोय.

तासगावचा_गडी

४७ लई झाल्या ओ ताई. आमच्या आयडीवर घरचं लोक नजर ठेवून असत्यात म्हणून जास्त लिवत नाही.

मोती_चौक

विश्रामबाग, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलेय (माझ्या ३१ होत्या, त्यामुळे तुमच्यापुढे मी संतच). काय केलं ते सांगते.

पहिलं काम म्हणजे ठरवायचं काहीच नाही, फक्त सगळ्या रिकाम्या करायच्या. प्रत्येक कप्पा, आतली चोरचेन, अस्तर फाटलं असेल तर अस्तराच्या मागेही हात घालायचा. जमिनीवर जुनी चादर पसरून तिच्यावर उलट्या करायच्या. यात अर्धा दिवस जातो, पण पर्स रिकामी झाली की ती नुसती वस्तू होते. भरलेली असते तोवर ती त्या लग्नाची, त्या सहलीची, त्या दवाखान्याच्या फेरीची असते आणि हातातून सुटत नाही.

मग सगळ्या उघड्यावर, हाताला येतील अशा टांगल्या. मी नाडीला अडकवून खिडकीच्या गजाला टांगल्या होत्या, शेजारच्या काकूंना वाटलं दुकान काढलं. महिनाभर रोज मनाला येईल ती घ्यायची. महिन्यानंतर लक्षात आलं की हात सहाच पर्सेसकडे जातो. आणि गंमत म्हणजे त्यात महागातली एकही नव्हती. ज्या उघडायला एक हात पुरतो, ज्यात पाण्याची बाटली उभी राहते आणि ज्या खांद्यावरून घसरत नाहीत, त्या. बस्स.

साडीवर जाणारी पर्स असं काही नसतं असं माझं मत झालंय. साडीवर लोक साडी बघतात.

हळदीची_पेठ

शेवटच्या वाक्याशी असहमत. माझ्या जाऊबाई साडीच्या आधी पर्स बघतात आणि किंमत विचारतात.

साधी_राहणी

वाचून वाईट वाटलं. आमच्या आईनं एका वायरच्या पिशवीत अख्खा संसार केला. भाजी त्यातच, औषधं त्यातच, माहेरी जाताना लुगडं त्यातच. पिशवीचा बंद तुटला तर त्याच रंगाची वायर आणून स्वतः विणायची. आपल्याला ४७ लागतात. जपानच्या त्या मारी कोंडो बाई येऊन "आनंद देत नसेल तर काढा" सांगेपर्यंत आपल्याला कळत नाही, हे त्याहून वाईट.

मोती_चौक

साधी_राहणी, माझ्या आईचीही एकच पिशवी होती. पण तिला हौस नव्हती म्हणून नव्हे, पैसे नव्हते म्हणून. राजवाड्यावर गेलो की काचेच्या मागे टांगलेल्या पर्सेसपुढे ती जरा वेळ थांबायची. आत कधी गेली नाही. मी नोकरीला लागल्यावर तिला एक मरून रंगाची घेऊन दिली, तर तिनं ती कपाटात ठेवली आणि वर्षभर माणसं आली की काढून दाखवली. तिच्या साधेपणाचे गोडवे गायला मला जरा जड जातं.

साधी_राहणी

तसं म्हणायचं नव्हतं मला. असो.

भडंग_भक्त

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (बायको मागे उभी होती.)

विश्रामबागची

मोती_चौक, तुमचं ऐकून काल दुपारी सगळ्या उलट्या केल्या. निघालेला ऐवज:

सेफ्टी पिना (मोजल्या नाहीत, अर्धी वाटी). एसटीची तिकिटं, तीही पूर्ण भाड्याची, म्हणजे हाफ तिकीट सुरू व्हायच्या आधीची. एकाच कानातलं, चार निरनिराळ्या जोड्यांतलं. अंबाबाईच्या कुंकवाची पुडी, जी फुटून एका पर्सचं अस्तर कायमचं गुलाबी झालंय. वाळून खडखडीत झालेला आवळा. लेकीच्या बालवाडीतला दुधाचा दात, कागदात. दोन हजाराची एक नोट. पाचशेची एक जुनी, नोटाबंदीआधीची.

दातापाशी बराच वेळ गेला. बाकीचं लवकर आवरलं.

नोटांचं काही होईल का?

व्हाउचर_आणि_पावती

होईल की. मी बँकेतून निवृत्त, म्हणून सांगतो. दोन हजाराची नोट १९ मे २०२३ ला मागे घेतली, पण ती रद्द झालेली नाही, कायदेशीर चलन आहेच. आपल्या शाखेत मात्र आता घेणार नाहीत, ते ऑक्टोबर २०२३ मध्येच थांबलं. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत घेतात, महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. एका नोटेसाठी मुंबईला कशाला जाता? पोस्टानं त्या कार्यालयाकडे पाठवता येते, रक्कम तुमच्या खात्यात जमा होते. पोस्टात विचारा.

जुनी पाचशेची मात्र गेली. ती आठवण म्हणून ठेवा. २०१७ च्या कायद्यानं अशा जुन्या नोटा दहापर्यंत जवळ असल्या तर हरकत नाही.

तासगावचा_गडी

दोन हजार सापडले म्हंजे पर्स जमवणं फायद्याचंच हाय की ओ. लोक उगंच नावं ठेवत्यात.

रापी

धागा आज वाचला. बॅग-चप्पल दुरुस्तीचं काम आमच्याकडे आजोबांपासून, म्हणून चार शब्द.

विश्रामबागताई, त्या तीन सोलवटलेल्या पर्सेस चामड्याच्या नाहीत, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. ते कापड असतं, वर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या ओलीनं तो थर आतून तुटत जातो. वापरली तरी तुटतो, पलंगात ठेवली तरी तुटतो. बंद जागेत, एकावर एक दाबून, चार पावसाळे काढले की पापुद्रे निघणारच. यात तुमची चूक नाही आणि याला दुरुस्तीही नाही. लोक वरून रंग मारून घेतात, आठ दिवसांत रंगासकट निघतो. माझ्याकडे आणल्या तर मी परत पाठवीन. त्यांच्या कड्या, हूक, साखळ्या, चांगला रनर (चेनवर सरकतो तो) काढून ठेवा, बाकी टाका.

हाताला चिकटणाऱ्या असतील तर त्या बहुतेक पीव्हीसीच्या. मऊपणासाठी जे घातलेलं असतं ते बाहेर येऊन चिकटतं. त्याही गेल्या.

खरं चामडं ओळखायचं तर शिवणीशी, कापलेल्या कडेला बघा. तंतू दिसले तर चामडं, विणीचे धागे दिसले तर रेक्झिन. पांढरी बुरशी आली म्हणून चामड्याची पर्स टाकू नका. अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा (घरात पुसलीत तर बुरशी कपाटभर उडते), दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग बोटभर क्रीम चोळा. उन्हात नको, चामडं कडक होऊन तडकतं. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. उशीचा जुना अभ्रा सगळ्यात उत्तम. आत कोरा कागद कोंबा म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. डांबरगोळी आत टाकायची सवय असेल तर तीही सोडा, प्लास्टिकला लागली की डाग धरते.

चेनचं सांगतो. दहातल्या सात पर्सेस "चेन गेली" म्हणून पडून असतात. चेन जात नाही, रनर सैल होतो. दात बसत नाहीत ते त्यामुळे. पकडीनं रनरच्या दोन्ही बाजू किंचित दाबल्या तर कितीदा तेवढ्यानंच भागतं. जास्त दाबलात तर फुटेल, मग नवा घाला. पर्सला बहुधा पाच नंबरचा लागतो. अख्खी चेन बदलायची वेळ फक्त दात पडले असतील तरच.

तुमची २००४ ची तपकिरी कसली आहे? कड बघून सांगा.

हळदीची_पेठ

काय सुरेख प्रतिसाद! मी वाचता वाचता उठून तीन पर्सेसच्या कडा बघून आले. तिन्ही रेक्झिन. एक "शुद्ध लेदर" म्हणून दिवाळीला नवऱ्यानं दिलेली. आता हे त्यांना सांगू की नको?

भडंग_भक्त

सांगू नका.

विश्रामबागची

रापीदादा, तंतू आहेत! रंग कडेला फिका आहे आणि आत खरखरीत लागतं.

रापी

मग ती चामडंच आहे. आणा. अस्तर नवं घालू, सुती घालू, रनर बदलू. आणखी वीस वर्षं जाईल. जुनं अस्तर फेकणार नाही, परत देईन, कारण पहिल्या पगाराच्या पर्सेस घेऊन येणाऱ्या बायका ते मागतात हे मला आता माहीत झालंय.

कंदीपेढा

अवांतर: चामड्याचा विषय निघालाच आहे तर, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. कोल्हापूरकरांनी नोंद घ्यावी. हलके घ्या.

तासगावचा_गडी

सांगली आधी लिवायची हुती. आणि पेढ्यापेक्षा भडंग भारी.

भडंग_भक्त

+१. विषय संपला.

गावभाग

मी सहसा वाचून निघून जाते, पण इथं लिहावंसं वाटलं.

आमचं घर खालचं, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, धोक्याची खूण पंचेचाळीसची आहे. २००५ ला जिथवर आलं होतं तिथं भिंतीवर पेन्सिलची रेघ होती आमच्या. सगळं सामान त्या रेघेच्या वर चढवलं आणि निश्चिंत झालो. पाणी रेघ ओलांडून गेलं.

निघायचं झालं तेव्हा सासूबाईंना धरायला एक हात आणि सामानाला एक हात. माझ्याकडे तेव्हा पंधरा-सोळा पर्सेस होत्या. एक बऱ्यापैकी महागातली, भावानं परदेशातून आणलेली, प्लास्टिकच्या वेष्टनात, वरच्या फळीवर. मी काय उचललं? दाराला अडकवलेली खादी भांडारातली कापडी पिशवी. कारण तिचा बंद लांब होता आणि तोंड मोठं होतं. त्यात सासूबाईंच्या गोळ्या, घराचे कागद, चार्जर, बिस्किटं, एक चादर, सगळं गेलं. नावेत बसताना ती मी गळ्यात तिरकी अडकवली होती, दोन्ही हात मोकळे.

आठ-दहा दिवसांनी परतलो. पर्सेस सगळ्या गाळात. गाळ वाळला की दगडासारखा होतो, चेनच्या दातांत बसतो. भावानं आणलेली अजून वेष्टनातच होती, आणि वेष्टनात पाणी. उघडली तेव्हा जो वास आला तो आठवला की अजून जेवण जात नाही. वेष्टन काढलं नव्हतं, खराब होईल म्हणून.

आता माझ्याकडे पाच आहेत. हा काही त्याग वगैरे नाही, पाण्यानं नेल्या म्हणून पाच. पण सांगायचं होतं ते हे: विश्रामबाग, कमी करताना एक मोठ्या तोंडाची, लांब बंदाची, हलकी अशी बाजूला काढा. जूनपासून ती दाराशी ठेवायची. आत कागदांच्या प्रती, औषधं, बॅटरी, थोडी रोकड. तुमच्याकडे पाणी येत नसेल, पण आमच्यासारखे कुणी तुमच्याकडे येतील तेव्हा लागेल.

विश्रामबागची

गावभाग, २०१९ ला आमच्याकडे मावससासू आणि त्यांची माणसं अशी नऊजणं होती. त्यातल्या एकींचं सगळं सामान कुकरच्या रिकाम्या खोक्यात होतं, सुतळीनं बांधलेलं. मी तेव्हा पलंगाचा बॉक्स उघडून एक पर्स दिली असती तर काय झालं असतं? सुचलंच नाही. एक काढून ठेवते.

मिरजेची_मालू

विकायचं कुणी बोललंच नाही, म्हणून माझा अनुभव. मोबाइलवर जुन्या वस्तू विकायचं एक ॲप आहे, नाव घेत नाही. चोवीसशेला घेतलेली, दोनदा वापरलेली स्लिंग टाकली, किंमत लावली नऊशे. पहिल्या तासात अकरा जणांनी विचारलं. काय विचारलं? "लास्ट प्राइस?" एवढंच. नमस्कार नाही, काही नाही. एकानं दीडशे सांगितले. एकीनं पर्समध्ये टिफिन मावतो का ते टिफिन ठेवून फोटो काढून दाखवा म्हणून सांगितलं. मी टिफिन ठेवला. फोटो काढला. त्यानंतर ती बाई परत कधी बोलली नाही. शेवटी तीनशेला बहिणीच्या नणंदेनं नेली आणि पैसे अजून द्यायचेत.

व्हाउचर_आणि_पावती

म्हणजे येणे बाकी.

चिंचणीकर

बोहारणीनं घेतल्या असत्या का? आमच्या लहानपणी दारात यायच्या, कपड्यांवर भांडी द्यायच्या.

मिरजेची_मालू

विचारून झालंय. म्हणाली, "पर्स नको बाई, जरीची साडी काढ." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टोप पाहिजे तर दोन काढ."

हळदीची_पेठ

घरकामाच्या मावशींना देता येतील ना काही?

मोती_चौक

देता येतील, पण चांगल्या. आमच्याकडे काय झालं सांगते. मी मोठ्या मनानं एक पिशवी भरून मावशींपुढे ठेवली. त्यांनी एकेक काढून चेन ओढून पाहिली, तळ दाबून पाहिला, आणि दोन बाजूला काढल्या. बाकीच्या परत माझ्याकडे सरकवल्या. "ताई, ह्या तुम्हीच टाका. माझ्या घरी कचऱ्याची गाडी एक दिवसाआडच येते." मला आधी चपराक बसल्यासारखं झालं, मग हसू आलं. तेव्हापासून माझा नियम असा की जी स्वतः खांद्याला लावून बाजारात जाईन तीच दुसऱ्याला द्यायची.

ओटी_नारळ

मला एक सोपा उपाय सुचतो. न वापरलेल्या पोटल्या, क्लच वगैरे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटा! संक्रांत ते रथसप्तमी, तेवढ्यात सगळ्या जातात. नाहीतरी आपण प्लास्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या चहागाळण्या विकत आणतोच की.

हळदीची_पेठ

दुसऱ्याकडून आलेली वस्तू वाण म्हणून? आमच्याकडे नाही चालत. वाण आपण खर्च करून द्यायचं असतं.

ओटी_नारळ

वापरलेली देऊ नये हे मान्य. पण कोरी वस्तू असेल, वर हळद-कुंकू लावून, तिळगूळ घालून दिली तर काय बिघडलं? आपल्याकडे आलेलं ब्लाउजपीस आपण पुढच्या ओटीत घालतोच ना? सातारा-सांगलीत अशी ब्लाउजपिसं असतील जी वीस वर्षं फिरतायत आणि अजून शिवली गेली नाहीत.

कंदीपेढा

अशा एका हिरव्या ब्लाउजपीसला मी ओळखतो. आमच्या घरी दोनदा मुक्कामाला होतं.

हळदीची_पेठ

ब्लाउजपीसची गोष्ट वेगळी.

ओटी_नारळ

कशी?

हळदीची_पेठ

वेगळी म्हणजे वेगळी.

चिंचणीकर

जगात सगळ्यात गाजलेली पर्स म्हणजे बर्किन. जेन बर्किन या नटीसाठी १९८४ साली बनवली. आता ती पहिली पर्स पॅरिसच्या लिलावात जुलै २०२५ मध्ये ८६ लाख युरोला गेली, रुपयांत साधारण तितकेच कोटी. पण मला त्यातली मजा वेगळीच वाटते. बाईंनी स्वतः ती वापर वापर वापरली, वर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नेलकटर लटकवलं होतं. आणि १९९४ ला एड्सच्या कामाला पैसे उभे करायला विकायला काढूनही टाकली.

गावभाग

नेलकटर लटकवलेलं म्हणजे आमच्या सासूबाईच. त्यांच्या पर्सला किल्ल्या, पिन आणि कान कोरायचं चांदीचं कोरणं.

भडंग_भक्त

८६ कोटींत सांगली ते मिरज रस्ता होईल.

तासगावचा_गडी

आनी पुढल्या पावसाळ्यात जाईल.

विश्रामबागची

धागा वर काढतेय. रथसप्तमी झाली, आता हिशेब देते, कारण व्हाउचर_आणि_पावती यांनी दोनदा निरोप पाठवून विचारलंय.

एकूण ४७.

सोलवटलेल्या तीन आणि चिकट दोन, अशा पाच टाकल्या, कड्या आणि साखळ्या काढून घेऊन. रापीदादांकडे नऊ नेल्या. सहा दुरुस्त झाल्या, तीन त्यांनी बघितल्या बघितल्या परत केल्या, त्यांचं कापड लेकीनं शाळेच्या प्रकल्पाला कापलं. कोऱ्या अकरा वाणात गेल्या (हळदीची_पेठ, माफ करा. वर तिळगूळ मात्र घरचा होता). ॲपवर काही टाकलं नाही, पण स्टाफरूममध्ये दोन विकल्या गेल्या, रोख. बहीण, दोन भाच्या आणि आमच्या मावशी मिळून आठ घेऊन गेल्या. मावशींनी आधी चेन ओढून पाहिली, मी मान खाली घालून उभी होते.

राहिल्या अठरा. दहा-बारा म्हणाले होते, जमलं नाही. महिनाभर टांगून ठेवायचा प्रयोग केला, हात सातांकडेच गेला. उरलेल्या अकरा का ठेवल्या याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि घरात ते कुणी विचारत नाही म्हणून बरं चाललंय.

तपकिरी परत आली. आत निळ्या चौकड्यांचं सुती अस्तर, चेन लोण्यासारखी. रापीदादांनी जुनं अस्तर घडी घालून आतल्या कप्प्यात ठेवलं होतं, त्याला तेव्हाच्या बॉलपेनचा गळलेला डाग आहे. दुधाचा दात त्याच कप्प्यात ठेवलाय. शाळेत तीच नेते.

आणि हे ऐका. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी समोरच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेले होते. वाण म्हणून हातात आली ती जांभळी मण्यांची पोटली. मला आधी वाटलं, अरे, आपल्याकडे होती तशीच. घरी येऊन आत हात घातला तर तळाला सेफ्टी पिन, हिरव्या डोक्याची. माझीच. उलटी करताना निसटलेली. एवढ्याशा दिवसांत कुठून कुठून फिरून आली कोण जाणे.

तर एकोणीस.

ओटी_नारळ

😂😂 मी काय म्हणत होते!

हळदीची_पेठ

आणि मी काय म्हणत होते!

कंदीपेढा

त्या पोटलीची आणि आमच्या हिरव्या ब्लाउजपीसची गाठ घालून द्यायला पाहिजे.

साधी_राहणी

विश्रामबाग, त्या अकरांत एखादी खणाची आहे का? आईला पंच्याऐंशी पूर्ण होतायत. तिला हौस होती का हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, ते मोती_चौक यांचं वाचून विचारलं. म्हणाली, "खणाची बघ मिळाली तर, जांभळी."

विश्रामबागची

जांभळी नाही, पण मोरपंखी खणाची आहे, पितळी कडीची, कोरी. चालेल का विचारा. पत्ता निरोपात पाठवा, रविवारी साताऱ्याला येणारच आहे.

साधी_राहणी

विचारलं. "चालेल" म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आरसा आहे का आत?"

विश्रामबागची

आहे.

गावभाग

खूप दिवसांनी धागा वर काढतेय. आज सकाळपासून धार लागलीय, कोयनेकडेही जोर आहे म्हणे. आयर्विनला अजून काळजीसारखं काही नाही, पण विचारून ठेवते. ती लांब बंदाची पिशवी दाराशी आली का?

विश्रामबागची

आली. मृग लागला त्या दिवशीच. कागदांच्या प्रती, सासूबाईंच्या गोळ्या, बॅटरी, रोकड, सगळं आत. दारामागच्या खुंटीवर आहे. तुमचं निघायचं झालं तर फोन न करता या, वरची खोली रिकामी आहे.

भडंग_भक्त

म्हणजे खुंटीवर आता पाच.